द्रव ते घन (भाग ४) : साक्री ते पारोळा, भेगेतून

साक्रीहून धुळ्याकडे आणि तिथून पारोळ्याकडे एक दगडी भिंत जमिनीत उभी आहे. कुठे लांबट टेकाड होऊन ती वर येते, कुठे शेतांखाली गडप होते. भूशास्त्रात तिला साक्री–धुळे–पारोळा डाइक म्हणतात. लांबी ७९ किलोमीटर. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी रंजिनी रे व ज्योतिर्मय मलिक यांनी २००७ साली नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या डाइकांचा हिशेब मांडला, त्यात हिच्याहून लांब दुसरी नाही. एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० डाइक, १४,५०० चौरस किलोमीटरचा प्रदेश, जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. जवळजवळ सगळ्या ताठ उभ्या, आणि रोख पूर्व-पश्चिम. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वाट काढत होता, त्या भेगांत गोठलेला हा दगड. आजूबाजूचा जुना बसाल्ट झिजून मुरूम झाला, हा टणक म्हणून उरला.

प्रश्न साधा आहे. बाराशे अंशांच्या आसपासचा शिलारस थंड दगडाच्या फटीतून पन्नास-पंचाहत्तर किलोमीटर जातो, तर वाटेत गोठत कसा नाही?

आधी तो वाहतच नाही असं धरू. भेग भरली, शिलारस थांबला, भिंतींना उष्णता देऊ लागला. मागच्या भागात योझेफ स्टेफानचं ध्रुवीय बर्फाचं गणित पाहिलं, तेच इथे चालतं. खरं तर लामे आणि क्लापेरॉन यांनी १८३१ मध्येच पृथ्वीच्या वितळलेल्या गोळ्याला घट्ट कवच कसं धरलं असेल, यासाठी ते वापरलं होतं. मेख अशी की घन आणि द्रव यांच्यातली सीमा कुठे आहे हे आधी ठाऊक नसतं. ती सरकत राहते आणि तिची जागा हेच उत्तर असतं. एक किलो बसाल्ट गोठताना सुमारे ४ लाख जूल अप्रकट उष्मा सोडतो, म्हणजे गोठलेला दगड पुढे साडेतीनशे-चारशे अंशांनी निवताना जेवढी देईल साधारण तेवढी उष्णता. ती भिंतीत मुरल्याशिवाय सीमा पुढे हलत नाही. म्हणून गोठलेल्या थराची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि गोठायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. खानदेशातली ३ मीटरची डाइक या हिशेबाने साडेतीन आठवड्यांत पूर्ण गोठते, ६२ मीटरची सुमारे २९ वर्षांत. जाडी वीसपट, वेळ चारशेपटींहून जास्त.

पण शिलारस थांबलेला नव्हता, आणि सगळी गंमत इथेच आहे. वाहता शिलारस मागून नवी उष्णता आणतो, भिंत ती ओढून घेते. चिकट द्रव फटीतून संथ वाहतो तेव्हा प्रवाह रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. फट निम्मी झाली की प्रवाह एकअष्टमांश. कडेला थोडं गोठलं, फट अरुंद झाली, उष्णता आणखी कमी आली, आणखी गोठलं. उलट फट रुंद असेल तर आधी कडेला धरलेला थर मागून आलेल्या उष्णतेने पुन्हा वितळतो, मग भिंतीचा मूळ दगडही वितळू लागतो आणि वाट रुंदावते. केंब्रिजच्या ब्रूस आणि हर्बर्ट हपर्ट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच मांडलं. एका ठरावीक रुंदीच्या खाली भेग बुजते, वर ती टिकते. काही किलोमीटरच्या वाटेसाठी ही मर्यादा मीटरभराच्या आसपास येते. लांबी, दाब आणि तापमान बदललं की तीही बदलते.

एकाच भेगेत काही जागा थोड्या अरुंद, काही थोड्या रुंद असतातच. अरुंद बुजतात, रुंद फोफावतात. आइसलँडमध्ये २०१४ च्या ऑगस्टमध्ये बार्दारबुंगा ज्वालामुखीपासून शिलारस जमिनीखालून आडवा निघाला आणि दोनेक आठवड्यांत सुमारे ४५ किलोमीटर गेला. भूकंपमापकांनी त्याची वाट जवळजवळ तासातासाला टिपली. होलुह्रॉइन इथे तो वर आला तेव्हा सुमारे दीड किलोमीटरच्या भेगेवर आगीचा पडदा उभा राहिला. पुढच्या दिवसांत पडदा आकसून मोजक्या मुखांवर आला, आणि उद्रेक पुढचे सहा महिने तिथूनच चालला. खानदेशातल्या लांब डाइकाही अशाच आडव्या भरल्या असाव्यात, असं शेठ यांच्या गटाचं म्हणणं आहे. फक्त आकार पाहावा. होलुह्रॉइनचा लाव्हा दीड घनकिलोमीटरच्या आसपास होता. इथल्या मोठ्या डाइकांनी हजार घनकिलोमीटर किंवा अधिक लाव्हा काही वर्षांत ओकला असू शकतो.

हे कागदावर सोडवणं अवघड, कारण खरा शिलारस एका रेषेवर गोठत नाही. द्रव आणि घन यांच्या मध्ये स्फटिकांचा लगदा असतो, गुऱ्हाळाच्या कढईत पाक गुळावर येताना असतो तसा. १९८७ मध्ये व्होलर आणि प्रकाश यांनी यावर नामी तोडगा काढला. सीमेच्या मागे धावायचंच नाही. सगळी जागा चौकटींत वाटायची, प्रत्येक चौकटीत द्रव किती हे शून्य ते एक या आकड्यात ठेवायचं, आणि द्रव घटेल तसा वाहण्याला होणारा विरोध वाढवत न्यायचा. पूर्ण गोठलेल्या चौकटीत विरोध इतका वाढतो की वेग आपोआप शून्यावर येतो. धातूंच्या ओतकामापासून लाव्ह्यापर्यंत ही पद्धत आज सर्रास वापरली जाते.

तरी दगड स्वतःचं म्हणणं मांडतोच. खानदेशात डाइकची लांबी आणि जाडी यांचा मेळ बसत नाही. दोन्हींच्या गुणोत्तरावरून शिलारसाचा दाब आणि उगमाची खोली काढतात, तेव्हा काही डाइकांसाठी अविश्वसनीय वाटावी इतकी खोली निघते. एक कारण असं की त्यांची बरीच लांबी मातीखाली झाकलेली असेल. दुसरं असं की वाहत्या शिलारसाने भिंती वितळवून वाट रुंद केली असेल, म्हणजे आज मोजतो ती जाडी भेग उघडली तेव्हाची नव्हेच. निवाडा कडेला शोधावा लागतो. थंड भिंतीला टेकताच गोठलेल्या दगडाचे कण बारीक असतात, मधल्या दगडाचे भरड. बारीक कणांची ही किनार दोन्ही बाजूंना सलग मिळाली, तर भिंती फारशा वितळल्या नसाव्यात आणि उरलेली लांबी शेतांखाली शोधायची. ती तुटक असेल किंवा गायब असेल, तर दुसऱ्या शक्यतेला बळ मिळतं.

(पुढच्या आठवड्यात : कोल्हापूरच्या फौंड्रीतला साचा, आणि प्रा. बी. रवी यांनी आयआयटी मुंबईत असताना घडवलेलं ‘ऑटोकास्ट’ हे ओतकामाचं सॉफ्टवेअर.)