चढाचा हिशेब उतारासकट

१९३०च्या जंगल सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला माहीत झालेलं चिरनेर आज ट्रेलरच्या रहदारीतलं गाव आहे. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर यार्ड, खडी, रेडीमिक्स आणि बांधकामाच्या साइटी पसरत गेल्या. ट्रेलर डोळ्यांत भरतात. पण साइटवरचं किरकोळ ओढकाम जुन्या डिझेल पिकअपच करतात. जनसेटची ट्रॉली, काँक्रीट मिक्सर, ब्रेकरचा कॉम्प्रेसर, कधी बंद पडलेली दुसरी गाडी टोचन लावून. हौद्यात माल आणि मागे ट्रॉली अशी गाडी कर्नाळ्याच्या चढाला लागली की दुसऱ्या गिअरवर येते, मागे हॉर्न सुरू होतात आणि मालकाच्या मनात एकच उपाय येतो: टर्बो बसवून घ्यावा. उपाय चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो निवडताना सगळे फक्त चढाचा विचार करतात. ओढकामाच्या गाडीचा टर्बो कमी आरपीएमला हवा देणारा, म्हणजे लहान असावा, आणि त्याची मर्यादा इंजिनापेक्षा ब्रेक, क्लच आणि रेडिएटर यांनी ठरवावी. त्यापुढचा प्रत्येक जादा हॉर्सपॉवर ओढकामात निरुपयोगी तरी ठरतो, नाहीतर महागात पडतो.

आकडे मांडून पाहू. टाटाचं जुनं ४९७ इंजिन घ्या. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, २९५६ सीसी. टर्बोशिवायचं असं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा आत घेतं. आपल्याकडच्या उकाड्यात त्या हवेचं वजन तीन किलोच्या आत-बाहेर भरतं. धूर न करता डिझेल जाळायचं तर डिझेलच्या वजनाच्या वीसपट हवा धरावी. त्या हिशेबाने मिनिटाला दीडशे ग्रॅमच्या आतच डिझेल पेटवता येतं आणि हाती येते सुमारे ३५ किलोवॅट शक्ती. आता गाडी, माल आणि ट्रॉली मिळून चार टन धरा आणि पंधरास एक असा चढ धरा. एवढ्या शक्तीत ते ओझं ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वर जातं. म्हणजे वजन ओढलं जातंच, फक्त सावकाश. जागेवरून ओझं हलवणं हे पहिल्या गिअरचं आणि क्लचप्लेटचं काम. इंजिन जवळपास आयडलवर असताना टर्बोला फिरायला पुरेसा एक्झॉस्टचा धूरच मिळत नाही. टर्बो विकत देतो तो चढावरचा वेग.

तो वेग किती? ०.६ बार बूस्ट दिला तर हवेचा दाब १.६ पट होतो, पण दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा नव्वदीपर्यंत जाते. त्यामुळे इंटरकूलर नसेल तर इंजिनात प्रत्यक्षात जाणारी हवा १.३ पटच वाढते. तीच हवा इंटरकूलरने पन्नास अंशांवर आणली की वाढ दीडपट होते. दाब न वाढवता, इंजिनावर ताण न टाकता झालेला हा फायदा आहे, म्हणून टर्बोच्या आकारावर घासाघीस करण्याआधी इंटरकूलरला जागा शोधावी. दीडपट हवा, त्या मापाचं डिझेल, आणि ३५ चा वेग पन्नाशीला जातो. बोरघाटात खोपोली ते खंडाळा रस्ता सुमारे पाचशे मीटर उंची चढतो. वरच्याच चढाच्या मापाने ते साडेसात किलोमीटर झाले. टर्बोशिवाय जवळपास तेरा मिनिटं, टर्बोसकट नऊ. वाचली जेमतेम चार मिनिटं, तीही पुढे डंपर रखडलेला नसेल तर! मागच्या गाड्यांना वाट देणं, ओव्हरटेक करताना अडकून न राहणं, हे फायदे खरे आहेत. पण फायदा एवढाच आहे, हे पैसे मोजण्याआधी समजलेलं बरं.

मोठ्या टर्बोचा मोह इथेच आवरायला हवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल पाहायला गेलं की सहा सिलिंडरच्या ट्रकचे टर्बो समोर येतात आणि घरी ‘एवढा मोठा आहे, दम देईलच’ असा हिशेब होतो. पावणेसहा लिटरच्या इंजिनासाठी बनवलेल्या टर्बाइनला तीन लिटरच्या इंजिनाचा धूर कमी आरपीएमला पुरत नाही. ओढणारी गाडी काम करते १४०० ते २४०० या पट्ट्यात, आणि नेमकी तिथे ती टर्बाइन आळसावलेली असते. ड्रायव्हर पॅडल दाबून ठेवतो, डिझेल जातं, हवा येत नाही, सायलेन्सर काळं ओकतो. टर्बाइनचं घर लहान असेल तर धूर जोरात आदळतो आणि हवा लवकर मिळते. वरच्या आरपीएमला ते थोडं गळा आवळतं, पण ओढकामात तिथे जायचंच कशाला? त्या वरच्या टोकासाठी वेस्टगेट असतो.

यावर गॅरेजमधला जुना युक्तिवाद असा की टर्बो नकोच, पंप वाढवून द्या, काम भागतं. दोन दिवस भागतंही. पण इंजिनाला हवा कमी पडत असताना डिझेल वाढवणं म्हणजे धूर आणि उष्णता वाढवणं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन धुराइतका तापत नाही हे खरं, तरी टर्बोच्या आधी मोजलेलं धुराचं तापमान लांब चढावर सातशेच्या वर राहू लागलं की पिस्टनचा माथा आणि हेड गॅसकेट यांचं आयुष्य मोजायला लागायचं. कंपनीच्या टर्बो इंजिनांच्या पंपावर बूस्ट येईपर्यंत डिझेल रोखून धरणारी पडद्याची डबी असते. जुन्या पंपाला ती नसते. म्हणून बूस्टच्या काट्याआधी धुराच्या तापमानाचा काटा घ्यावा. काळा धूर पीयूसीलाही पकडला जातो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयूची मर्यादा आहे. नीट निवडलेल्या टर्बोने तो धूर कमी होतो, आणि माझ्या मते टर्बोच्या बाजूने बोलणारा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपनीने याच जातीचं इंजिन टर्बो लावून विकलंच होतं ना? विकलं, पण ते करताना कंपनी नुसता टर्बो बोल्टने आवळत नाही. पिस्टन बदलते, बऱ्याचदा त्यांना खालून तेलाचा फवारा देते, कॉम्प्रेशन उतरवते, तेल थंड करायची सोय वाढवते. लाखभर आरपीएमने फिरणारा टर्बोचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. जुन्या इंजिनाचा ऑइल प्रेशर आधीच पडलेला असेल तर नवा टर्बोही फार दिवस टिकणार नाही. म्हणून चांगला मिस्त्री टर्बोची चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं आधी बॉनेट उघडतो. तेलाच्या झाकणातून वाफ मारते का, नोझल टपकतात का, एअर फिल्टर खडीच्या धुळीने बुजलाय का, टॅपेट आणि टायमिंग कुठे आहे. ‘दम नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथेच सुटते. आणि जुना टर्बो घ्यायचाच असेल तर तो शाफ्ट बोटाने हलवून पाहतो: आडवा किंचित खेळ चालतो, पुढेमागे खेळ लागला किंवा पात्याचा घरावर घासल्याचा ओरखडा दिसला तर तो ठेवून द्यायचा.

आता ज्याबद्दल टर्बो विकणारा बोलत नाही, तो उतार. चार टन पाचशे मीटर खाली आणताना, टायरांचा विरोध वजा करूनही, सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पंचावन्न लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणण्याइतकी. डिझेल इंजिनात हवा अडवणारा पडदा नसल्याने इंजिन ब्रेकिंग पेट्रोलपेक्षा दुबळं. अनेक साइटच्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, त्यामुळे सगळा भार पिकअपच्या ड्रमवर. टर्बोने चढावर सहज ओढलं म्हणून मालक पुढच्या खेपेला ट्रॉलीत अर्धा टन वाढवतो, आणि त्या अर्ध्या टनाची उतारावर कुणीच सोय केलेली नसते. बूस्टवर खूश होऊन ब्रेक लायनर पुढच्या सर्व्हिसवर ढकलणं ही काटकसर नव्हे. ट्रॉलीला ब्रेक, सायलेन्सरच्या वाटेत एक्झॉस्ट ब्रेकची झडप, नवी क्लचप्लेट आणि स्वच्छ रेडिएटर यांचा खर्च आधी काढावा. उरलेल्या पैशात बसेल तोच टर्बो आपल्या मापाचा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाची शक्ती वाढवून आरटीओला न विचारता रस्त्यावर उतरलेली गाडी अपघातात सापडली, तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न त्यावरच निघू शकतो. पासिंगलाही तेच.

मग टर्बो कुणी घ्यावा? ज्याची खेप रोज बोरघाटातून जाते, ज्याच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन शाबूत आहे आणि ज्याची रीतसर परवानगीची तयारी आहे, त्याने. अर्ध्या ते पाऊण बारपर्यंत बूस्ट, लहान टर्बाइन, इंटरकूलर आणि तापमानाचा काटा, एवढ्यावर थांबावं. चिरनेर, दिघोडे, उरण आणि बंदर या सपाट फेऱ्यांत वर्षातून चारदा कर्नाळा ओलांडणाऱ्याने मात्र तेवढे पैसे नोझल, क्लच आणि ब्रेकवर घालावेत. आणि इंजिन उघडायची वेळ आलीच असेल, तर तेच पैसे घालून कंपनीतून टर्बो लावून आलेली वापरलेली पिकअप पाहावी. तिच्या नोंदणीत तो टर्बो आधीपासूनच गृहीत धरलेला असतो.