समोर बसलेला माणूस

एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांस आपल्या जालना जिल्ह्यांतूनही मुलें बसतात. त्यांत स्मरणचित्राचा एक विषय असतो. बाजार, पाणवठा, शेतांतील काम असा प्रसंग देतात व त्यांत माणसें काढावयाचीं असतात. आतां मौज अशी कीं, माणूस समोर बसवून त्याचें चित्र काढण्याचा अभ्यास शाळांतून क्वचितच होतो. जें कधीं नीट पाहिलेंच नाहीं, त्याचें स्मरण तरी कसें व्हावें? मग मुलें पुस्तकांतील बाहुल्या घोकतात. आणि भोकरदनच्या बाजारांतली भाजीवाली व मंठ्याच्या रानांत कापूस वेचणारी बाई एकाच साच्यांतून निघतात.

हा अभ्यास टाळला जातो, कारण तो खरोखरच अवघड आहे. मडकें हलत नाहीं, माणूस हलतो. वीस मिनिटांत त्याची मान कलते, पाठीस बाक येतो, आणि मुलांनीं आरंभिलेलें चित्र एका माणसाचें व पुरें केलेलें दुसऱ्याचें होतें. यास्तव बैठकीच्या प्रारंभींच पावलांभोंवतीं खडूनें रेघा ओढाव्या, आणि दर वीस मिनिटांनीं पांच मिनिटें विसांवा द्यावा. निश्चल बसणें हेंही श्रमाचेंच काम आहे.

याहून मोठी अडचण विद्यार्थ्याच्या मनांत असते. मांडी लांब असते हें त्यास ठाऊक आहे. परंतु माणूस खुर्चीवर आपल्याकडे तोंड करून बसला कीं ती मांडी वितीएवढीही दिसत नाहीं. मुलगा डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाहीं. ठाऊक असलेली मांडी काढतो, आणि चित्रांतील माणूस खुर्चीवरून घसरूं लागतो! येथें पेन्सिलीचें माप उपयोगी पडतें. हात ताठ धरावा, एक डोळा मिटावा, व डोक्याची उंची अंगठ्यानें पेन्सिलीवर धरून तिनें सर्व शरीर मोजावें. कोपर वाकलें कीं माप फुकट गेलें. उभा प्रौढ मनुष्य सुमारें साडेसात डोकीं भरतो, वर्षाचें मूल चार. म्हणूनच लहान मूल काढतांना मोठा माणूस आखूड करून भागत नाहीं. गवंड्याचा ओळंबाही वर्गांत असावा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीच्या रेषेंत तो धरला, तर तो त्याच पावलाजवळ उतरतो. त्या बाजूचें कमरेचें हाड वर चढतें आणि खांदा खालीं येतो. हें एकदां दिसलें कीं माणूस खांबासारखा उभा राहत नाहीं.

मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालीं निघालें. तेथेंही आरंभीं भर प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवर होता. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांस आपल्या शेजारच्या अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करविल्या. पुतळा आणि भिंत, दोन्ही स्थिर. १९१९ सालीं सूत्रें हातीं घेतलेल्या सॉलोमन यांच्या कारकीर्दींत जिवंत, विवस्त्र देहावरून अभ्यास करण्याचा वर्ग रुजला. तेव्हांपासूनचा संकोच अद्याप गेलेला नाहीं. अशाच मॉडेल-स्त्रीच्या जीवनावरील रवी जाधव यांचा ‘न्यूड’ चित्रपट २०१७ सालीं गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांतून वगळण्यांत आला. पुढें २०१८ त तो प्रदर्शित झाला. जिच्यावांचून चित्रकाराचा हात तयार होत नाहीं, तिनें आपलें काम लपवावें, हें मला अन्यायाचें वाटतें.

शाळेंत अर्थातच वस्त्रांनिशीं बसलेला माणूस पुरे. नऊवारीच्या चुण्या गुडघा कोठें आहे हें बिनचूक सांगतात. आणि माणसें घरचींच असावीं. सा. ल. हळदणकर यांचें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील दिवा घेतलेल्या स्त्रीचें जलरंगचित्र प्रसिद्ध आहे. त्यासाठीं त्यांची कन्याच उभी राहिली होती. वर्गांतील मुलांनीं पाळीपाळीनें बसावें. जो बसला त्याची मान अवघडते, आणि दुसऱ्याच्या वेळीं त्यास विसांव्याची आठवण आपोआप राहते.

बाहेरच्या वृद्धास बोलाविलें, तर दोन गोष्टी पाळाव्या. विसांव्यांत तो उठून चित्रें पाहणारच. त्या वेळीं कोणीं हसूं नये, नाहीं तर तो पुन्हां येणार नाहीं. आणि त्याचा रोज बुडाला असेल, तर तो त्यास निघण्यापूर्वीं रोख द्यावा.