कोल्हापुरी घेताना पैसा कुठे मुरतो?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एकाच दुकानात पाचशेच्या आसपासचा जोड टांगलेला असतो आणि त्याच्या शेजारीच अडीच हजारांचा. दुकानदाराच्या लेखी दोन्ही ‘ओरिजिनल’. गिऱ्हाईक थोडी घासाघीस करतं, मधला कुठलातरी जोड घेतं आणि कारागिराला हातभार लावल्याच्या समाधानात घरी येतं. त्यातलं कारागिरापर्यंत किती पोचलं, हे निव्वळ किमतीवरून कळत नाही. त्यासाठी चप्पल कशी बनते आणि ती बनत असताना कोणाचे पैसे अडकून पडतात, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

कातडं ते चामडं

कोल्हापुरीच्या तळाला जाड चामडं लागतं, म्हणून तो सहसा म्हशीच्या कातड्याचा असतो. वेणीसारख्या नाजूक कामाला बकऱ्याचं पातळ, मऊ चामडं वापरतात. कच्चं कातडं आधी पाण्यात आणि मग चुन्याच्या निवळीत मुरवतात. त्याने केस सुटतात आणि ते खरवडून काढता येतात. त्यानंतरची जुनी रीत अशी की कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा भरायचा, वरून पाणी ओतायचं आणि ती टांगून ठेवायची. साल-हिरड्यातला तुरट रस हळूहळू कातड्यात उतरतो आणि कातडं कुजायचं थांबतं. त्याचं चामडं होतं. हे काम दिवसांचं नाही, आठवड्यांचं आहे. पूर्वी ते ढोर समाजाकडे होतं आणि चपला करणं चर्मकारांकडे. या वाटणीमागे जातीची उतरंड होती. धंद्याबरोबर हीनतेचा शिक्काही वारशाने यायचा, आणि शिकलेली मुलं या कामाकडे पाठ फिरवतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता कोल्हापुरात कमावलेलं चामडं पुरत नाही. बराच माल चेन्नईकडून येतो. राज्यात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढवला गेला. म्हशीचं कातडं त्यात येत नाही, पण एकंदर कातड्याच्या धंद्यालाच धास्ती बसली आणि पुरवठा आणखी आखडला. कारागिराच्या दृष्टीने यातली खरी अडचण पैशाची आहे: चामडं रोखीने घ्यावं लागतं आणि चप्पल विकली जाते ती उधारीवर.

रापी, आरी आणि वादी

चामडं हातात आलं की ते भिजवून मऊ करतात आणि साचा ठेवून रापीने तळ कापतात. एका तळात दोन-तीन थर असतात. ते एकमेकांवर बसवून ठोकतात. ठोकल्याने चामड्याचे धागे दाबले जातात आणि तळ लवकर झिजत नाही. दोन्ही बाजूंचे कान तळाच्या थरांमध्ये धरले जातात, वरून पट्टा येतो आणि पुढे अंगठा. अंगठ्याची पकड सैल राहिली तर पाय पुढे घसरतो, घट्ट झाली तर बोट सोलवटतं. जोड पायाला बसणार की चावणार, हे बरंचसं इथेच ठरतं.

मग शिवण. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नसतो आणि सुती दोराही नसतो. चामड्याचीच अरुंद पट्टी, म्हणजे वादी, कापतात आणि ओली करून घेतात. आरीने तळाला भोक पाडायचं, वादीचं टोक त्यातून ओवायचं, दोन्ही हातांनी ओढून टाका आवळायचा. वादी वाळताना आक्रसते, त्यामुळे टाका आणखी घट्ट होतो. चप्पल उलटी धरली की तळाच्या कडेने हे टाके एकामागोमाग दिसतात. हाताचे असल्यामुळे ते अगदी एकसारखे नसतात.

वेणी घालणं, पट्ट्यावर नक्षीची भोकं पाडणं, गोंडे लावणं ही कामं बहुतेक घरांत बायका करतात. या कामाची वेगळी मजुरी क्वचितच धरली जाते. ती जोडाच्या मजुरीत जिरून जाते. दुकानातल्या जोडावर नजर खिळते ती मात्र याच कामामुळे.

कापशी, पुकारी, कचकडी, बक्कलनाळी असे प्रकार जुन्या गिऱ्हाइकांना नावानिशी माहीत असत. कापशी हे नाव कागल तालुक्यातल्या गावावरून आलं. आज मात्र कोल्हापुरात विकला जाणारा पुष्कळसा माल कर्नाटकातल्या निपाणी-अथणी पट्ट्यातल्या घराघरांत तयार होतो. त्याला बनावट म्हणायचं कारण नाही, कारण हा धंदा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जुनाच आहे.

उचल आणि उधारी

धंद्याचं वर्ष पावसाभोवती फिरतं. पावसाळ्यात चामडं वाळत नाही आणि गिऱ्हाईकही फिरकत नाही, कारण ओल्या रस्त्यावर कोल्हापुरी कोण घालणार? दिवाळीपासून लग्नसराई आणि उन्हाळ्यापर्यंत हात रिकामा नसतो. म्हणजे हाताशी पैसा सगळ्यात कमी असतो तेव्हाच पुढच्या हंगामाचं चामडं भरायची वेळ येते. इथे व्यापारी पुढे होतो. तो चामडं देतो किंवा रोख उचल देतो, आणि त्या बदल्यात माल त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावाला द्यायचा असतो. उचल फिटायच्या आत घरात दुखणं किंवा लग्न निघालं की नवी उचल. कसब कारागिराचं असलं तरी भाव ठरवायचा हक्क त्याच्याकडे उरत नाही.

व्यापाऱ्याला खलनायक ठरवून भागत नाही. दुकानाचं भाडं, पडून राहिलेला माल, मुंबई-पुण्यापर्यंतची वाहतूक हे सगळं तोच उचलतो. पण आगाऊ पैसा दुसरीकडून मिळाला तर त्याच्याशी बोलताना कारागिराची बाजू बदलते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणं करणारे कारागीर येतात. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचं साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. असं कर्ज वेळेवर हाती पडलं तर चामडं स्वतःच्या पैशाने भरता येतं.

भौगोलिक मानांकन: काय होतं, काय होत नाही

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्याचे नोंदणीकृत मालक दोन: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ. या आठ जिल्ह्यांतल्या कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद वेगळी करावी लागते. मानांकन मिळालं म्हणजे प्रत्येक कारागिराला आपोआप हक्काचा कागद मिळाला, असं होत नाही.

शिवाय हे संरक्षण नावाचं आहे, आकाराचं नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, पण त्यांना ‘कोल्हापुरी’ म्हटलं नाही. इथे गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाच्या हक्कासाठी दाद मागायची ती नोंदणीकृत मालकाने. पुढे डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांनी कंपनीशी करार केला. मानांकन कारागिराच्या घरी ऑर्डर आणून देत नाही. नावाचा गैरवापर झाला तर भांडायला पाय रोवण्यापुरती जागा देतं. महाराष्ट्राच्या महामंडळाने आता क्यूआर कोडची सोयही केली आहे. तो स्कॅन केला की जोड कोणी, कुठे बनवला ते दिसतं.

मग गिऱ्हाइकाने काय करावं?

पहिलं, माल ओळखावा. जोड उलटा करून वादीचे टाके पाहा. तळाची कापलेली कड पाहा: साल-हिरड्याने कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमच्या रसायनाने कमावलेल्या चामड्याची कड बहुधा करडी-निळसर दिसते. रेक्झिनच्या कडेला धाग्यांऐवजी कापडाचं अस्तर दिसतं. नाकाशी धरा, सालीचा वास लपत नाही.

दुसरं, शक्य असेल तिथे बनवणाऱ्याकडून घ्यावं. कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर भागांत कारागिरांची घरं आणि कामाच्या जागा आहेत. दुकानातूनच घ्यायचं असेल तर ‘हा जोड कोणी केला?’ एवढं विचारावं. नाव सांगणारा दुकानदार आणि ‘आमच्या कारखान्यातला’ म्हणणारा दुकानदार, यांतला फरक लगेच कळतो.

तिसरं, मापाने करून घ्यावं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रेघ काढा. अंगठ्याचं आणि चवड्याचं माप दोऱ्याने घ्या. ऑर्डर देतानाच निम्मे पैसे द्या. घासाघीस करून दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा, किंवा दया म्हणून दोनशे जास्त देण्यापेक्षा, हे निम्मे पैसे वेळेआधी देणं कारागिराला जास्त उपयोगी पडतं. त्यातून चामडं येतं आणि तेवढ्यापुरती उचल टळते.

करही समजून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी पाच टक्के आहे, त्यावर अठरा. म्हणजे २,४०० रुपयांचा जोड करासकट २,५२० ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. दुकानात उंची जोड महाग वाटतो तो काही प्रमाणात यामुळे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान कारागिराला साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर तो कर लावत नाही, आणि तुम्ही दिलेला रुपया पुरा त्याच्याकडे राहतो.

चौथं, चप्पल टिकवावी. पहिले काही दिवस घरातच थोडा थोडा वेळ घाला. पट्ट्याला आणि अंगठ्याला गोडेतेलाचा हात द्या. भिजली तर सावलीत वाळवा. उन्हात चामडं तडकतं. वादी तुटली किंवा टाच झिजली तर फेकू नका, ज्याने केली त्याच्याकडेच न्या. शिवलेली चप्पल उसवून पुन्हा शिवता येते, आणि ऐन मंदीत आलेलं दुरुस्तीचं कामही घरात चार पैसे आणतं.

या सगळ्यात वेळेचा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा. दिवाळीत नवी कोल्हापुरी पायात हवी असेल तर माप आणि निम्मे पैसे गणपतीतच पोचते करा. तेव्हा कारागिराला चामडं भरायचं असतं आणि हात मोकळे असतात. ऐन दिवाळीत गेलात तर तोच जोड दुकानात टांगलेला मिळेल, पण त्याचा भाव उचल देणाऱ्याने आधीच ठरवलेला असेल.