चार हातांनी उघडणारी डबी

२०१९ साली अर्जेंटिनातल्या तुलिपान या कंपनीनं कंडोमची एक वेगळीच डबी लोकांसमोर आणली. डबीच्या कडांना दाबायच्या जागा होत्या आणि त्या सगळ्या एकाच वेळी दाबल्याशिवाय ती उघडायची नाही. एका माणसाचे दोन हात पुरत नाहीत, चार लागतात. 'प्लासेर कोन्सेन्तिदो', म्हणजे संमतीचं सुख, असं तिचं नाव. बीबीडीओ या जाहिरात संस्थेनं ती घडवली होती. समोरच्यानं हो म्हटलं नसेल तर ते नाहीच, हे तिचं सांगणं. ब्युनोस आयर्समधल्या बारमध्ये ती फुकट वाटली गेली. तिची चित्रफीत जगभर फिरली आणि मागोमाग लोकांचा राग, टिंगल आणि कौतुक, सगळंच आलं.

मी फार्मासिस्ट आहे, कराडला माझं औषधांचं दुकान आहे. कंडोमची पाकिटं माझ्या हातून रोज विकली जातात. त्यामुळे त्या डबीपेक्षा तिच्यावर लोक काय बोलले, याकडे माझं जास्त लक्ष गेलं. संमती म्हणजे काय, हे डबीला नीट सांगता आलं नव्हतं. तिच्यावर चिडलेल्या माणसांनी मात्र ते फार स्पष्ट सांगितलं.

पहिला आक्षेप असा की डबी उघडायला हो म्हणणं वेगळं आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणणं वेगळं. डबी उघडल्यावर पाच मिनिटांनी बाईचं मन बदललं, तर तो तिचा हक्कच आहे. उघडलेली डबी मात्र तिच्याविरुद्ध साक्ष देत बसणार. दुसरा आक्षेप अधिक भीषण होता. चार हात दोन पुरुषांचेही असू शकतात आणि घाबरलेल्या बाईचे हात धरून कडा दाबूनही घेता येतात. तिसरा आक्षेप अपंगांचा. ज्याला एकच हात आहे किंवा ज्याची बोटं वळत नाहीत, त्यानं काय करायचं? आणि चौथा, अगदी साधा: जो विचारतच नाही, तो कंडोम तरी कशाला वापरेल?

दुकानदार म्हणून यात मी आणखी एक भर घालते. कंडोम वापरणं जितकं अवघड कराल, तितका तो कमी वापरला जातो. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी डोकेदुखीची गोळी मागतं, दुकान रिकामं व्हायची वाट बघतं, मग खालच्या आवाजात "ते द्या" म्हणतं. पाकीट कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घातल्याशिवाय हातात घेत नाही. इतक्या संकोचातून घेतलेली वस्तू ऐन वेळी उघडेना, तर ती बाजूला पडणार आणि नको असलेला गर्भ किंवा आजार वाट्याला येणार.

तरीही अर्जेंटिनात डबीची बाजू घेणारेही होते, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या देशात २०१५पासून 'नी उना मेनोस', म्हणजे यापुढे एकही बाई कमी होता कामा नये, असं म्हणत लाखो बायका रस्त्यावर उतरत होत्या. शाळांतून लैंगिक शिक्षण देण्याचा कायदा तिथे २००६पासून आहे. त्या वातावरणात बारमधल्या टेबलावर चार तरुण संमतीवर बोलत असतील, तर तेवढं काम डबीनं केलंच, असं या लोकांचं म्हणणं होतं.

अशा इतर वस्तूंचं काय झालं? २०१४ साली अमेरिकेत 'गुड टू गो' नावाचं अ‍ॅप आलं. जोडीदाराच्या हातात फोन द्यायचा, तिनं किती प्यायली आहे ते सांगून होकार नोंदवायचा. हा होकार पुढे कोर्टात कोणाच्या कामी येणार, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि काही आठवड्यांत अ‍ॅपलनं ते आपल्या स्टोअरवरून काढून टाकलं. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या चार विद्यार्थ्यांनी पेयात गुंगीचं औषध असलं तर रंग बदलेल अशा नेलपॉलिशची कल्पना मांडली. हेतू चांगला होता, पण सावध राहण्याचं काम पुन्हा मुलींच्याच गळ्यात, म्हणून बायकांच्या संघटनांनी नाराजी दाखवली. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे पोलीस आयुक्त मिक फुलर यांनी संमतीचं अ‍ॅप सुचवलं, तेव्हाही अशीच टीका झाली. त्या राज्यानं अ‍ॅप केलं नाही. समोरच्याची संमती आहे की नाही, हे शब्दानं किंवा कृतीनं जाणून घ्यायची जबाबदारी घालणारा कायदा केला.

याच्या उलट एक उदाहरण आहे. डिसेंबर २०१२मध्ये बाल्टिमोरच्या 'फोर्स' या गटानं व्हिक्टोरियाज सीक्रेट या अंतर्वस्त्रांच्या कंपनीच्या नावानं एक बनावट वेबसाइट काढली. त्यावरच्या कपड्यांवर 'आधी विचारा' अशा अर्थाची वाक्यं छापलेली होती. खरंच कंपनीनं हे केलं असं समजून असंख्य मुलींनी तिचं मनापासून स्वागत केलं. हे कपडे कुठे मिळतील, असं त्या विचारत होत्या.

माझ्या मते फरक इथे आहे. डबी आणि अ‍ॅप संमतीची पावती देऊ पाहत होते, आणि पावती लागते ती पुढे आरोप होईल या भीतीनं. ते कपडे फक्त एक प्रश्न तोंडात घालत होते. लोक संमतीच्या विषयावर चिडले नव्हते, तिची पावती फाडण्यावर चिडले होते.

आपल्या मातीत हा धडा फार किंमत मोजून शिकला गेला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना शिक्षा दिली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिनं प्रतिकार केल्याचं दिसत नव्हतं. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यात पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. आंदोलन पेटलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. २०१३पासून कायद्यात संमतीची स्पष्ट व्याख्या आहे आणि आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्ये आहे: होकार निःसंदिग्ध हवा, स्वेच्छेचा हवा, त्या विशिष्ट कृतीसाठी हवा. केवळ प्रतिकार केला नाही, म्हणून संमती धरता येत नाही. अर्जेंटिनातल्या डबीवरचा पहिला आक्षेप आपल्या कायद्यात आधीच लिहिलेला होता. पण अठरा वर्षांवरच्या पत्नीला याच कलमातल्या अपवादानं वगळलं आहे.

तो अपवाद मला दुकानात दिसतो. मागच्या वर्षी एक नवं लग्न झालेली मुलगी तातडीची गर्भनिरोधक गोळी न्यायला आली. त्याच महिन्यात ती आधीही येऊन गेली होती. ही गोळी वरचेवर घेण्यासाठी नाही, नवऱ्याला कंडोम वापरायला सांग, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, नकोच म्हणता येत नाही, तिथं हे कुठून सांगू?" मी तिला बाकावर बसवलं, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला आणि महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन सांगितली. चार हातांची डबी तिच्या काही कामाची नव्हती. तिच्या नवऱ्याला विचारायला कोणीतरी पूर्वीच शिकवायला हवं होतं, आणि ते त्याच्या घरानं, शाळेनं, मित्रांनी शिकवलं नाही.

म्हणून माझी विनंती मुलांच्या आईवडिलांना आहे. मुलीला सावध राहायला आपण सगळेच सांगतो. मुलाला समोर बसवून सांगा, की विचारायचं, उत्तर ऐकायचं, गप्प बसणं म्हणजे होकार धरायचा नाही, आणि मध्येच नको म्हटलं तर तिथंच थांबायचं. लग्नानंतरही. हे सांगायला लाज वाटत असेल, तर लाज वाटत असतानाच सांगा.