उरलेल्या लोकरीतील माणसे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जुनी कापडी पिशवी खाली येते. आत लोकरीचे लहानमोठे गुंडे असतात; एकाही गुंड्यात पुरता पायमोजा व्हायचा नाही. ही पिशवी टाकून देण्यापूर्वी आपण एकदा ती घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या मांडीवर ठेवून पाहावी, असे मला सुचवायचे आहे.

माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासण्यासाठी येणाऱ्या एका आजींना अल्झायमर आहे. आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले, हे त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या सुनेने अशीच पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. आजींनी बाटलीसारखा हिरवा गुंडा उचलला आणि म्हणाल्या, “हा शाळेच्या स्वेटरचा. बाह्या दोनदा वाढवल्या होत्या.” मग सुया हाती घेऊन, कोणी न सांगता, त्यांनी टाके घालायला सुरुवात केली.

यात चमत्कार नाही. नव्या आठवणी साठवण्यासाठी आवश्यक असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या आजारात लवकर बाधित होतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातांना लागलेले वळण मुख्यतः मेंदूतील दुसऱ्या भागांच्या आधाराने टिकते आणि पुष्कळदा बराच काळ शाबूत राहते. मात्र विणकामाने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, हे मी स्पष्टपणे सांगते. हाताला ओळखीचे काम, मनाला थोडी स्वस्थता आणि घरच्यांना बोलण्यासाठी एक निमित्त, एवढेच त्यातून मिळते. तेही थोडे नव्हे.

सुनेची अडचण पुढेच होती. आजींचे टाके गळत, ओळी वाकड्या होत. रात्री ती त्या उसवून नीट विणून ठेवी. सकाळी आजी ते विणकाम परके असल्यासारखे बाजूला सारत. मी तिला सांगितले, उसवू नका. गळलेल्या टाक्यात फक्त एक दोरा ओवून गाठ मारा, म्हणजे वीण सुटणार नाही. आपल्याला स्वेटर नको आहे. आजींचे हात हवे आहेत.

दुसरी अडचण अधिक कठीण. राखाडी गुंडा दिसला की आजी विचारत, “हे कुठे गेले? मफलर अर्धाच राहिलाय.” आजोबांना जाऊन सहा वर्षे झाली आहेत. सून खरे ते सांगे आणि आजी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्याप्रमाणे रडत. अशा वेळी वस्तुस्थिती पुनःपुन्हा ऐकवणे हे कर्तव्य नव्हे. “त्यांना हाच रंग आवडायचा का?” असे विचारावे. उत्तरात माणूस परत येतो, मृत्यूची बातमी येत नाही. राखाडी गुंडा पाहून अस्वस्थता वाढतच असेल, तर तो काही दिवस निमूटपणे दूर ठेवावा.

आपल्या घरी हे करायचे असेल, तर सोपी सुरुवात करा. ५ मिलिमीटर जाडीच्या, बांबूच्या हलक्या सुया घ्या. २० टाके आणि सगळ्या ओळी सुलट, असा चौकोन विणावा. निरनिराळ्या गुंड्यांचे चौकोन जोडले की जुन्या लुगड्यांच्या गोधडीसारखेच पांघरूण होते. ज्यांची स्मृती आज उत्तम आहे, त्यांनी प्रत्येक गुंड्याला चिठ्ठी बांधावी: कोणासाठी, कोणत्या वर्षी. पुढे ती चिठ्ठीच बोलेल.

आता काही पथ्ये. खिडकीजवळ, भरपूर उजेडात बसावे. मोतीबिंदू असल्यास काळी किंवा गडद निळी लोकर टाळावी. दर २० मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटे, मनगटे आणि मान सैल करावी. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते; डॉक्टरांना दाखवावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ विणताना कोणीतरी असावे आणि नंतर सुया मोजून ठेवाव्यात. सुया धरणे जमेनासे झाले, तर नुसता गुंडा गुंडाळायला द्यावा.

जुनी लोकर धुऊन उन्हात वाळवावी. परंतु ती डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असेल, तर तान्ह्या बाळासाठी वापरूच नये. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांमुळे फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. पणजीच्या मायेचे टोपरे नव्या लोकरीचेच असू द्यावे.

त्या आजींचे आतापर्यंत अकरा चौकोन झाले आहेत. एकही दुसऱ्याच्या मापाचा नाही. सुनेने ते जसेच्या तसे जोडायला घेतले आहेत, भोकांसह. मागच्या भेटीत आजींनी तिला ओळखले नाही, पण तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “थंड आहे गं. तुझ्यासाठी काहीतरी विणते.”