वाळूच्या तोंडी पोलाद

कोल्हापूरहून हुपरीकडे निघालं की वाटेत गडमुडशिंगी लागतं. शेजारीच गोकुळ शिरगावची एमआयडीसी. या पट्ट्यातल्या फौंड्र्यांत झिजेचं खरं कारण भट्टी नसून वाळू आहे, आणि ती सगळ्यात जास्त खाते कोअर बॉक्सला.

ओतीव भागाच्या आतली पोकळी वाळूच्या कोअरमुळे मिळते. रेझिन चोळलेली वाळू हवेच्या दाबाने नोझलमधून धातूच्या पेटीत, म्हणजे कोअर बॉक्समध्ये, मारतात, ती घट्ट झाली की पेटी उघडून कोअर बाहेर काढतात. दिवसभर हेच चालू. नोझलच्या अगदी समोरची जागा आधी खड्डावते, मग पेटीच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावरची कड गोल होऊन फट पडते. त्या फटीतून वाळू सुटते, कोअरला पातळ पापुद्रा येतो, आणि तो घासून काढायला एक माणूस जास्त लागतो.

म्हणून पेटीकडून दोन गोष्टी हव्या असतात: ती झिजू नये आणि कोअर चिकटू नये. बाजारात या दोन्हींना एकच समजून लेप विकले जातात, तिथेच घोटाळा होतो. टेफ्लॉन मिसळलेलं निकेल हाताला गुळगुळीत लागतं, पण मऊ असल्यामुळे वाळूपुढे टिकत नाही.

वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या विकर्स मापाने सुमारे 1100. कडक केलेलं टूल स्टील 700च्या आसपास, साधं पोलाद 150च्याही खाली. पृष्ठभाग कणापेक्षा कठीणच हवा असं नाही. कणाच्या कठीणपणाच्या साधारण 0.8 पटीपर्यंत पोचला तरी झीज झपाट्याने उतरते. हार्ड क्रोमचा लेप 850 ते 1000 भरतो, शिवाय घर्षणही कमी. त्याची लोकप्रियता फुकटची नाही. मात्र तो कडांवर जाड बसतो आणि खोल खाचांत पातळ. अशा खाचांसाठी विजेशिवाय चढणारं निकेल बरं: ते सगळीकडे सारखं बसतं आणि 400 अंशांच्या आसपास तापवलं की कठीणपणात क्रोमच्या जवळ जातं. क्रोमच्या टाकीतलं षटसंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हेही पंचगंगेच्या खोऱ्यात विसरून चालणार नाही.

टायटॅनियम नायट्राइड 2000च्या वर जातं, डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप) त्याहून निसरडं. पण दोन्हींची जाडी दोन-चार मायक्रॉन, आणि वाळूचा कण 200-300 मायक्रॉनचा! खालचं पोलाद मऊ असेल तर हा लेप म्हणजे चिखलावर बसवलेली फरशी. कण आदळला की तळ दबतो आणि लेप तडकतो. आधी नायट्रायडिंग करून, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून, पाया पक्का करावा, मगच असला महागडा लेप. टंगस्टन कार्बाइडचा एचव्हीओएफ (अतिवेगवान ज्वालेतून मारलेला) फवारा जाड बसतो, पण फवाऱ्याच्या बंदुकीला दिसेल तेवढ्याच जागी. अरुंद खाच कोरडीच राहते.

नोझलसमोर मात्र मला कुठल्याच लेपाचा भरवसा वाटत नाही. तिथे वाळू सरळ आदळते, आणि कठीण लेप सरळ माराने टवके देतो. तिथे बदलता येणारा इन्सर्ट किंवा पॉलियुरेथेनचं पॅड बसवावं, झिजलं की काढून टाकावं.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत घर्षणाची गरज नेमकी उलटी आहे. बिद्री असो की कुडित्रे, मिलच्या रोलरने ऊस पकडायला हवा. म्हणून फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डर आर्किंग करून क्रोमियम कार्बाइडचे खडबडीत ठिपके टाकतो. झीज कमी हवी, घर्षण भरपूर हवं. तिथे निसरडा लेप दिला तर ऊसच घसरेल.

तेव्हा लेपवाल्याकडे पेटी पाठवताना नुसतं ‘क्रोम मारा’ सांगू नका. वाळू कुठली, दाब किती, झीज नेमकी कुठे, खालचं पोलाद कोणतं, हे कागदावर द्या. 30 मायक्रॉनचा क्रोम दोन समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर 0.06 मिलिमीटरने कमी करतो. ड्रॉइंगवर लेपाआधीचं आणि लेपानंतरचं, दोन्ही मापं लिहा.