सिगारेट महागली, मशेरीचं काय?

१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि वर उत्पादन शुल्क लागलं. टपरीवर नव्या दरांची चर्चा रंगली. पण पुणे-सोलापूर महामार्गावरच्या वरवंड-पाटस पट्ट्यातच नव्हे, तर साऱ्या ग्रामीण महाराष्ट्रात खरा खप तंबाखूच्या पुडीचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे आणि दातांना लावणारे तब्बल २४.४ टक्के.

धूम्रपानबंदी लोकांनी मनापासून स्वीकारली. एसटीत कुणी बिडी पेटवली तर कंडक्टरच्या आधी शेजारचा प्रवासी हटकतो, कारण धूर त्याच्या नाकात जातो. तळव्यावर चुना लावून मळलेली चिमूट कुणाच्या आड येत नाही. उलट, ‘चुना हाय का?’ एवढ्यावर अनोळखी माणसांच्या गप्पा सुरू होतात.

मशेरी तर घरातलीच. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. दात दुखत नाही, पोट साफ होतं, या समजुतीवर ती सासूकडून सुनेकडे जाते. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर धोक्याचं चित्र कुठून असणार?

तिची किंमत बाळ मोजतं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकारी संशोधिकेने मुंबईतल्या १,२१७ गरोदर महिलांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला ही घट परवडणारी नाही.

नुसत्या बंदीने भागत नाही, हे गुटख्याने दाखवलं. २०१२ पासून राज्यात त्याला मनाई आहे. पण पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी पळवाट लगेच निघाली. कर मात्र परिणाम करतो. किंमत १० टक्के वाढली की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खप साधारण ५ टक्के घटतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत आधी मागे हटतात ती मुलं आणि हातावर पोट असलेली माणसं.

म्हणूनच बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय खटकतो. विडी कामगारांच्या रोजगाराची काळजी रास्त आहे. त्यासाठी त्यांना पर्यायी काम आणि मदत द्यावी. बिडी स्वस्त ठेवू नये. आणि प्रत्येक गरोदर बाईची नोंद करणाऱ्या आशाताईने हिमोग्लोबिनच्या जोडीला मशेरीचीही चौकशी करावी.